भाड्याचं मशीन की जुना कॉम्प्युटर? आधी कॅमेऱ्याची फाइल तपासा

वाचकाचं पत्र

कराडला माझं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. वर्षाला १४ लग्नं होतात. एडिटिंग आतापर्यंत बाहेर देत होतो, आता घरीच करायचं ठरवलंय. कॅमेरे सोनी ए७ फोर आणि जुना ए७ थ्री, शिवाय ड्रोन. प्रीमियर प्रो वापरतो. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आहे, त्यावर फोर-के टाइमलाइन अडकते. समोर तीन पर्याय आहेत. पुण्यातले एक जण आय७-१२७००, ३२ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०६० असलेलं मशीन महिना ४,५०० रुपये अधिक जीएसटी अशा भाड्याने देतात. डिपॉझिट २०,००० आणि कमीत कमी सहा महिने. दुसरं, एका डीलरकडचं एचपी झेड४४० वर्कस्टेशन: झिऑन ई५-१६५० व्ही४, ६४ जीबी रॅम, क्वाड्रो एम४००० कार्ड, ३८,००० रुपये. डीलर म्हणतात हे सर्व्हर क्लास आहे, पाच वर्षं बघायला नको. तिसरं, ओळखीतल्या एकाने तीन वर्षं वापरलेलं आय५-१२४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर, ४२,००० रुपये. माझं बजेट साठ हजार. भाड्याने घेऊ की विकत? आणि विकत घेतलं तर कोणतं?

उत्तर

तिसरं मशीन घ्या. झेड४४० चा विचार सोडा. भाड्याचं मशीन तिघांत सगळ्यात ताकदवान आहे यात शंका नाही, पण तुमच्या कामाच्या हिशोबात ते हंगामभर ठेवणं परवडत नाही. हे मशीनचे आकडे बघून ठरत नाही, तुमच्या कार्डावर कोणती फाइल येते यावरून ठरतं. म्हणून सुरुवात तिथून करू.

मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका आणि तिन्ही कॅमेऱ्यांची एकेक क्लिप त्यात उघडा. तीन ओळी पाहायच्या: फॉरमॅट (चित्र दाबून साठवायची पद्धत), बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक नोंदल्या) आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवली). ए७ थ्रीची फोर-के फाइल एच.२६४, ८ बिट, ४:२:० अशी दिसेल. ही फाइल उघडायला गेल्या दहा वर्षांतलं जवळजवळ कुठलंही ग्राफिक्स कार्ड पुरतं. ड्रोनची फाइल बहुधा एचईव्हीसी, म्हणजे एच.२६४ नंतरच्या नव्या पद्धतीची असेल, तीही ४:२:०. जीटीएक्स १६६० सुपर ती सहज खेळवतं.

अडचण ए७ फोरची आहे. त्यात एक्सएव्हीसी एस (सोनीचा रेकॉर्डिंग फॉरमॅट) आणि १० बिट ४:२:२ निवडलं असेल, तर फाइल एच.२६४ ची असते पण रंगाची माहिती दुप्पट. रंग सुधारताना ती माहिती फार उपयोगी पडते, हळदीच्या पिवळ्यात आणि शालूच्या लालात फरक डोळ्यांना दिसतो. पण ही दाबलेली फाइल खास चिपने, म्हणजे हार्डवेअरमधून, उलगडण्याची (डिकोड करण्याची) सोय बाराव्या पिढीच्या इंटेलमध्ये नाही, एनव्हिडियाच्या २०, ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांतही नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. म्हणजे ४,५०० रुपये भाड्याचं आरटीएक्स ३०६० सुद्धा या एका बाबतीत तुमच्या लॅपटॉपच्याच रांगेत उभं आहे. ते मशीन जास्त पळेल ते आय७ मुळे, कार्डामुळे नाही. भाडं ठरवताना कार्डाच्या नावाला भुलून जास्त पैसे द्यायचं कारण नाही.

याच कॅमेऱ्यातली एक्सएव्हीसी एचएस फाइल वेगळी वागते. ती एचईव्हीसी असते, आणि एचईव्हीसीचं १० बिट ४:२:२ इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स अकराव्या पिढीपासून हार्डवेअरने उलगडतं. आय५-१२४०० मध्ये ते ग्राफिक्स आहे. आय५-१२४००एफ मध्ये नाही. तेव्हा पैसे देण्याआधी हे एक अक्षर तपासा. विक्रेते बोलताना ‘एफ’ गाळतात, बऱ्याचदा त्यांनाही माहीत नसतं. सीपीयू-झेड (प्रोसेसरचं नाव दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून स्वतः वाचा. ‘एफ’ निघाला तर ४२,००० ला घेऊ नका; भाव बराच खाली आला तरच पुढे बोला.

मग सगळं शूटिंग एचएसमध्येच का करू नये, असं वाटेल. इथे फसायला होतं. ए७ फोरमध्ये एचएस फोर-के पाल (आपल्याकडच्या २५/५० फ्रेमच्या) पद्धतीत फक्त ५० फ्रेमला मिळतं, २५ ला मिळत नाही. आणि या कॅमेऱ्याला फोर-के ५० फ्रेम लावलं की सेन्सरचा मधला भागच वापरला जातो, चित्र दीडपट जवळ येतं. छोट्या मंगल कार्यालयात २४ एमएमची लेन्स ३६ सारखी वागली तर अंतरपाटाच्या दोन्ही बाजू एका फ्रेममध्ये बसत नाहीत. शिवाय ५० फ्रेमला शटर १/१०० धरावं लागतं, म्हणजे रात्रीच्या वरातीत निम्मा प्रकाश जातो. तेव्हा एचएस ठेवा ते स्लो मोशनपुरतं: नवरीची एन्ट्री, अक्षता, फुलांची उधळण. विधींच्या लांबलचक रेकॉर्डिंगला एक्सएव्हीसी एस २५ फ्रेम, ८ बिट ४:२:० पुरतं. १० बिट ४:२:२ फक्त जिथे रंगावर खरंच मेहनत घेणार आहात तिथे, आणि त्या क्लिपांच्या प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) करायच्या. एवढा बदल केलात तर तिसरं मशीन तुमच्या कामाला पुरून उरेल.

झेड४४० का नको

मशीन मजबूत आहे, पत्रा जाड आहे, ६४ जीबी रॅम ऐकायला भारी वाटते. तरीही नको. ई५-१६५० व्ही४ हा २०१६ चा प्रोसेसर, सहा कोअरचा. त्यात अंगचं ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे इंटेलची व्हिडिओ उलगडण्याची सोय शून्य. क्वाड्रो एम४००० मॅक्सवेल पिढीचं, २०१५ चं कार्ड. त्या चिपला एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरने उलगडता येत नाही. म्हणजे तुमच्या ड्रोनची साधी क्लिपसुद्धा प्रोसेसरच्या डोक्यावर बसणार. एनव्हिडियाची ५८० ही मॅक्सवेलला चालणारी शेवटची ड्रायव्हर शाखा आहे, आणि एडिटिंगची सॉफ्टवेअरं दर वर्षी नवा ड्रायव्हर मागतात.

त्याहून मोठी गोष्ट विंडोजची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागचे प्रोसेसर अगदी मोजके अपवाद सोडले तर नाहीत, आणि हा झिऑन त्या अपवादांत नाही. डीलर विंडोज ११ टाकून देतील, चालूही होईल, पण ती आडवाटेने बसवलेली असते. एखाद्या मोठ्या अपडेटला ती अडली आणि तेव्हा घरात तीन लग्नांचं फुटेज पडून असलं, तर तो दिवस फार महाग पडतो. पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड एचपीच्याच मापाचे असल्याने सुटा भाग कराडच्या दुकानात मिळणार नाही.

‘सर्व्हर क्लास’ म्हणजे चोवीस तास चालण्यासाठी बनवलेलं. व्हिडिओ एडिटिंगला वेगवान कोअर आणि नव्या पिढीची डिकोड चिप लागते. जुन्या वर्कस्टेशनकडे टिकाऊपणा आहे, ही चिप नाही.

भाड्याचा हिशोब

४,५०० वर १८ टक्के जीएसटी ८१० रुपये, म्हणजे महिना ५,३१०. तुळशीचं लग्न झालं की तुमचा हंगाम सुरू होतो आणि शेवटच्या अल्बमचं काम संपेपर्यंत जून उजाडतो. आठ महिने धरले तर भाडं होतं ४२,४८०. तिसऱ्या मशीनची पूर्ण किंमत ४२,०००. एका हंगामाचं भाडं आणि मशीनची किंमत जवळजवळ सारखीच, आणि जूनमध्ये भाड्याचं मशीन परत जातं. त्यात २०,००० डिपॉझिट अडकून राहतं ते वेगळंच.

दोन वर्षांचं गणित मांडू. ४२,००० ला घेतलेलं मशीन दोन वर्षांनी निम्म्या किमतीला गेलं असं समजा, आणि दुरुस्तीसाठी वर्षाला १२,००० बाजूला ठेवा. निव्वळ खर्च ४५,०००. लग्नं २८, म्हणजे लग्नामागे साधारण १,६०७ रुपये. दोन हंगामांचं भाडं ८४,९६०, लग्नामागे ३,०३४. मशीन दोन वर्षांनी भंगारात गेलं आणि एक रुपयाही आला नाही असं धरलं तरी विकत घेण्याचा खर्च ६६,००० च्या वर जात नाही.

भाडं महिन्यावर चालतं, मुहूर्तांवर नाही, हेही लक्षात घ्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. एरवी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जी गर्दी असते ती त्या वर्षी नसेल, पण सहा महिन्यांच्या बांधिलकीत तो महिनाही मोजला जाणार.

तरी भाड्याने घेणं पूर्ण बाद नाही. एप्रिल-मेमध्ये पाच-सहा लग्नं एकदम अंगावर आली आणि मदतीला दुसरा एडिटर बसवायचा असेल, तर दोन महिन्यांसाठी दुसरं मशीन भाड्याने घ्या, महिन्याचा दर थोडा जास्त पडला तरी चालेल. तुमचं मशीन दुरुस्तीला गेलं तर पंधरा दिवसांसाठी घ्या. एखाद्या संस्थेचा माहितीपट मिळाला आणि मशीनचं भाडं त्यांच्या अंदाजपत्रकात घालता आलं तर जरूर घ्या. मात्र सहा महिन्यांची अट मान्य करू नका. एक-दोन महिन्यांच्या मुदतीवर देणारे पुण्यात शोधा.

आणि ‘लीज’ हा शब्द कानावर आला तर सावध व्हा. भाड्याचं मशीन सूचना देऊन परत करता येतं. लीज ही बहुतेक वेळा दोन किंवा तीन वर्षांची बांधिलकी असते, मध्येच सोडली तर उरलेले हप्ते किंवा दंड मागतात, आणि शेवटी मशीन तुमचं होणार की नाही हे करारात लिहिलेलं असेल तेच खरं. हंगामी धंद्याला ती बेडी आहे.

भाड्याने घेण्याची वेळ आलीच तर डिलिव्हरी चलनावर प्रोसेसर, रॅम, कार्ड आणि डिस्क यांचे नेमके मॉडेल व सिरियल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘आय७ गेमिंग पीसी’ चालणार नाही. बंद पडलं तर किती तासांत बदली मिळणार आणि ने-आण कोणाच्या खर्चाने, हेही लिहून हवं, कारण पुणे-कराड अंतर १६० किलोमीटरच्या आसपास आहे आणि ‘माणूस पाठवतो’ याला तारीख नसते. विजेच्या झटक्याने कार्ड जळालं तर ते कोणाच्या अंगावर, डिपॉझिट किती दिवसांत परत, मशीनमध्ये दुरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आहे का, हे आधी विचारा. आल्याबरोबर चारही बाजूंनी फोटो काढा. ग्राहकांचं फुटेज भाड्याच्या डिस्कवर कधीच ठेवू नका. सगळं काम स्वतःच्या बाहेरच्या एसएसडीवर करा. नाहीतर परत करताना लोकांच्या घरच्या लग्नाचं चित्रण तुम्ही परक्याच्या हाती देताय.

पाहायला जाताना

तिसरं मशीन ओळखीतलं आहे म्हणून तपासणी टाळू नका. दीड तास मागा. पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड, जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, क्रिस्टलडिस्कइन्फो, सिनेबेंच आणि ओसीसीटी ही तपासणीची सॉफ्टवेअरं घेऊन जा, आणि तुमच्या तिन्ही कॅमेऱ्यांच्या प्रत्येकी पाच मिनिटांच्या क्लिपा.

मालकाला आधीच सांगून ठेवा की मशीन तुम्ही आल्यावरच चालू करायचं. थंड मशीन पहिल्या बटणाला सुरू झालं पाहिजे. तारीख-वेळ मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो किरकोळ खर्च, पण मशीन बरेच दिवस पडून होतं याची खूण.

बाजूचा पत्रा उघडा. कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, जळका वास येतो का, पंख्यांवर चिकट धूळ आहे का. मशीन कोकणातून किंवा गोव्यातून आलं असेल तर पोर्टांच्या पट्ट्या आणि स्क्रूंवर गंज पाहा. खारी हवा आत गेली की कनेक्टर हळूहळू दगा देतात. मग पॉवर सप्लायवरची पट्टी वाचा. आय५-१२४०० भरात ११७ वॉटपर्यंत घेतो, १६६० सुपर १२५ वॉट. डिस्क, पंखे धरून तीनशेच्या आत बसतं. पण स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या सप्लायवर ४५० लिहिलेलं असलं तरी तो तेवढं देईलच असं नाही. ८० प्लसचं चिन्ह आणि नावाजलेली कंपनी नसेल तर नव्या सप्लायचे पैसे किमतीतून कापून घ्या. वाईट सप्लाय एकटा मरत नाही, बोर्ड आणि डिस्क सोबत घेऊन जातो.

मदरबोर्डचं मॉडेल लिहून घ्या. एच६१० असेल तर रॅमचे दोनच स्लॉट. त्यात आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या बसवलेल्या असतील, तर ३२ करताना दोन्ही काढून ठेवाव्या लागतील. १६ ची एकच पट्टी असेल तर दुसरी घातली की काम झालं. बाराव्या पिढीचे बोर्ड डीडीआर४ चेही असतात आणि डीडीआर५ चेही. पट्ट्या एकमेकांत चालत नाहीत. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे ‘नंतर वाढवू’ हा बेत पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. मालकाकडे जादा पट्टी असेल तर सौद्यातच मागून घ्या.

आता ताण देऊन पाहा. सिनेबेंच दहा मिनिटं चालवा, बाजूला एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. तापमान ९० अंशांच्या खाली राहिलं पाहिजे आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (तापल्यामुळे वेग कमी होणं) समोर ‘नो’ दिसलं पाहिजे. १२ व्होल्टची ओळ ११.४ च्या खाली गेली तर पॉवर सप्लायवर संशय घ्या. नंतर ओसीसीटीची व्हीरॅम (कार्डावरच्या मेमरीची) चाचणी कार्डावर चालवा. एकही चूक दिसली तर ते कार्ड शून्य किमतीचं समजा. १६६० सुपर हे क्रिप्टो मायनिंगवाल्यांचं आवडतं कार्ड होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि अशी कार्डं ढिगाने बाजारात आली. नुसतं मायनिंग केलं म्हणून चिप खराब होत नाही. पंख्याचे बेअरिंग झिजतात, मेमरीवरचे पॅड कोरडे पडतात. कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांत पंचवीस अंशांहून जास्त अंतर असेल तर चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळलेली आहे. ती बदलून घेता येते, पण त्याचे पैसे मालकाने सोडावेत. जीपीयू-झेडमध्ये नावाआधी ‘फेक’ असा शब्द दिसला तर तिथेच उठा.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची तब्येत टक्क्यांत दिसते आणि आतापर्यंत किती लिहिलं गेलं तेही. सॅमसंग ९७० ईव्हो प्लसच्या एक टीबी डिस्कला कंपनीची हमी ६०० टीबी लिहिण्याची आहे. त्यातले ४०० होऊन गेले असतील तर ती कामाची डिस्क म्हणून वापरू नका. शेवटी तुमच्या क्लिपा प्रीमियरमध्ये टाका, त्यांच्याकडे प्रीमियर नसेल तर तुमच्याच अकाउंटवरून लॉग इन करून चाचणी घ्या आणि लगेच लॉग आउट करा. दोन क्लिपा एकावर एक, साधं रंगकाम, आणि प्लेबॅक. आतलं अंगचं ग्राफिक्स बंद असेल तर एचएस क्लिप अडकेल. त्यावर मशीनला दोष देऊ नका, पुढची सेटिंग वाचा.

पैसे देताना मूळ खरेदीच्या बिलाची प्रत मागा आणि साध्या कागदावर विक्रीपावती करून घ्या: दोघांची नावं, तारीख, रक्कम, सिरियल नंबर. मालकाचा डेटा त्यांच्यासमोर पुसून विंडोज नव्याने टाका. ‘सगळी सॉफ्टवेअरं टाकून देतो’ म्हणत असतील तर नम्रपणे नको म्हणा. चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत व्हायरस येतो आणि तो एका रात्रीत हंगामभराचं फुटेज कुलूपबंद करू शकतो.

घरी आणल्यावर

पहिलं काम बायोसचं (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगचं). वेगळं कार्ड बसवलेलं असलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशाच नावाची ओळ शोधून चालू करा, मग इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. टास्क मॅनेजरमध्ये दोन जीपीयू दिसायला हवेत. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, मग मीडिया, तिथे हार्डवेअर डिकोडिंगच्या खाली इंटेल आणि एनव्हिडिया दोन्हींवर खूण करा आणि प्रीमियर बंद करून पुन्हा उघडा. मॉनिटरची केबल मात्र एनव्हिडियाच्या कार्डालाच.

प्रॉक्सीसाठी प्रीमियरमध्ये क्लिपा निवडून उजवं क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. प्रोरेस प्रॉक्सी, १०८० मापाचं. तासाला साधारण १७ जीबी जागा लागते. रात्री जेवणाआधी लावा, सकाळपर्यंत तयार. प्रोग्रॅम मॉनिटरखाली ‘टॉगल प्रॉक्सीज’चं बटण आणून ठेवा, निळं असताना प्रॉक्सी, एक्सपोर्ट आपोआप मूळ फाइलवरून होतो. फक्त एक्सपोर्टच्या खिडकीत ‘यूज प्रॉक्सीज’वर खूण नाही ना, ते पाहा. तसं झालं तर यजमानांना फोर-के म्हणून धूसर चित्र जातं.

डिस्कचा हिशोब आधीच करा. ए७ फोरचं २५ फ्रेमचं ४:२:२ सेकंदाला १४० मेगाबिट, म्हणजे तासाला ६३ जीबी. ए७ थ्री १०० मेगाबिटला, तासाला ४५ जीबी. प्रत्येकी तीन तास आणि ड्रोनचे वीस जीबी धरले तर एका लग्नाचे साडेतीनशे जीबी. १४ लग्नांचे जवळपास पाच टीबी, दोन प्रती ठेवल्या तर दहा. सगळं कायम ठेवायची गरज नाही. यजमानांना अंतिम फाइल दिल्यावर मूळ फुटेज किती महिने सांभाळणार हे ऑर्डर फॉर्मवरच छापा. पण मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर उतरल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

साठ हजारांतले १८,००० उरतात. पहिल्यांदा यूपीएस आणि बॅकअपची हार्ड डिस्क, नंतर रॅम. प्रॉक्सीवर १६ जीबीत एक हंगाम निघेल. गेलेलं कन्यादान पुन्हा शूट करता येत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, मॉनिटर धरून तुमचं मशीन भरात तिथे पोचतं, म्हणून एक केव्हीएचा घ्या. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीनच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, मग मशीन जोडा.

ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी बदलायचं ठरलं तर जुनं आरटीएक्स ३०६० शोधत बसू नका. आरटीएक्स ५० मालिकेत एच.२६४ आणि एचईव्हीसी दोन्हींचं ४:२:२ हार्डवेअरने उलगडतं आणि प्रीमियरने २०२५ पासून ते वापरायला सुरुवात केली आहे. ५०६० ला १४५ वॉट लागतात, सप्लाय ५५० वॉटचा असावा असं एनव्हिडिया सांगते. म्हणून आत्ता सप्लाय बदलायची वेळ आली तर त्याच मापाचा घ्या. ते कार्ड बसल्यावर ए७ फोरच्या २५ फ्रेमच्या फाइलींना प्रॉक्सीची गरज राहणार नाही.

कराबद्दल थोडं. व्यवसायाची पूर्ण हिशोबवही ठेवत असाल तर भाडं त्या वर्षीचा खर्च म्हणून पूर्ण वजा होतं. विकत घेतलेल्या कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, आणि त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्मा, २० टक्के. अंदाजी उत्पन्नाच्या योजनेत कर भरत असाल तर दोन्हींपैकी काहीच वेगळं वजा होत नाही. जीएसटी नोंदणी असेल तरच भाड्यावरचे ८१० रुपये जमा मिळतात. ओळखीतल्या माणसाकडून घेतलेल्या मशीनवर जीएसटीचं बिल मिळणार नाही, त्यामुळे विक्रीपावती आणि पैसे बँकेतून दिल्याची नोंद जपून ठेवा.